गुरुजींची पहिली घागर

सोळा सालच्या दुष्काळात रेणापूरच्या त्या गल्लीला आठ दिवसांनी एकदा टँकर यायचा. माणसांच्या आधी घागरी येऊन रांगेत बसायच्या आणि सगळ्यांत पुढं असायची अण्णाराव गुरुजींची पितळी घागर. गुरुजी रिटायर हेडमास्तर. टँकर येईपर्यंत ओट्यावर बसून ते रांगेला मोठ्यानं पेपर वाचून दाखवत, म्हणून पहिला नंबर त्यांचा. हे कुणी ठरवलं कुणालाच आठवत नव्हतं. गुरुजींनी मात्र कधी हरकत घेतली नाही. प्रत्येक बातमीला त्यांची फोडणी असायची, आणि रांग त्या फोडणीसाठीच कान टवकारून बसायची.

त्या दिवशी बातमी निघाली गल्लीतल्याच पंचशीलाची. पुण्याच्या कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीची ती मुख्य झाली होती. कंपनी तोट्यात, आणि हिचा पगार वर्षाला दोन कोटी. गुरुजींच्याच शाळेतली पोरगी! त्यांना अभिमान वाटला. पण अभिमानाला रांग हसत नाही.

"कंपनी बुडायलीय आन् बाई दोन कोटी उचलायलीय!" गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला. "हिचा नवरा काय घरी भाकरी थापतो का काय?"

रांग खदखदली. व्यंकटी पानवाल्यानं तर शूटिंगला मोबाईलच उंच धरला. "बाईच्या हातात कंपनी दिल्यावर तोटाच येणार की, गुर्जी!"

"हाव तर!" गुरुजी म्हणाले.

तेवढ्यात मधल्या घागरीजवळून सरजाबाई उठली. पंचशीलाची आई. लेकीनं कितीदा पुण्याला नेली, तरी चार दिवसांत करमत नाही म्हणून परत येणारी. ती रांगेत आहे हे गुरुजी हशाच्या भरात विसरूनच गेले होते.

"फुडचं वाचा की, गुर्जी. तिच्या आधीचा साहेब किती घेत व्हता?"

गुरुजींनी खालची ओळ पाहिली. आधीचे साहेब पाच कोटी घेत होते, आणि तोटा त्यांच्याच वेळचा होता. गेल्या साली त्याच साहेबांची बातमी गुरुजींनी याच ओट्यावर वाचली होती, "याला म्हणतात कर्तबगारी!" अशी फोडणी देऊन. त्यांची बायको घरी काय करते, हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

"इथं पान जरा फाटलंय," गुरुजी म्हणाले.

पान धडधाकट होतं. सरजाबाईला वाचता येत नव्हतं, पण दिसत होतं.

"असू द्या. पेपर वाचायचं तुमाला काय मिळतं हो?"

"काय मिळणार बाई? फुकटची सेवा."

"मंग ती पयली घागर?"

 टँकर आला. पाइप सरजाबाईच्या हाती लागला आणि तिनं रिवाजाप्रमाणं आधी गुरुजींचीच घागर भरली. काठोकाठ. ते पाणी गुरुजींना आठ दिवस घशाखाली उतरेना.

पुढच्या खेपेला त्यांनी घागर सगळ्यांच्या मागं ठेवली.

"चुकून मागं राहिली का, गुर्जी?" व्यंकटीनं विचारलं.

"चुकून न्हाई." गुरुजींनी आठ दिवसांचा शिळा पेपर काढला आणि उभ्यानंच तीच बातमी वाचली. फोडणी न देता, शेवटच्या ओळीपर्यंत. 

तीन घागरी उरल्या आणि टँकर आटला. रिकामी घागर घेऊन गुरुजी सरजाबाईजवळ गेले.

"बाई, मी त्या दिवशी बोललो ते लेकीला कळू देऊ नका."

"मी कशाला सांगू, गुर्जी?" सरजाबाई हळूच म्हणाली. "व्यंकटीनं त्याच दिशी मोबाईलवर सोडलं. लाख लोकान्ला हसवलं म्हनं तुमी. तिनं बी पायलंय."

लेक काय म्हणाली, एवढं विचारायला गुरुजींनी तोंड उघडलं. मग मिटलं, आणि रिकामी घागर भरल्यासारखी दोन्ही हातांनी धरून घराकडं चालू लागले.