वजनकाट्यावर चढलेली आलिशान गाडी
लेकीला लातूरच्या क्लासला सोडायला गेले, तिथल्या ऑफिसात चामडी सोफ्याचा वास आला आणि भूकंपानंतरच्या वर्षीचा नांदेडचा मोंढा, तिथला धान्यबाजार, आठवला. भावानं एका डॉक्टरांची जुनी, लांबलचक परदेशी गाडी मोटार क्लबच्या सहा तासांच्या शर्यतीसाठी घेतली होती. ठरावीक वजनाहून जड गाडी तिथं चालत नसे, आणि वजनाची पावती जोडून नाव नोंदवायचा तो शेवटचा दिवस होता. चामडी सीट, गालिचे, लाकडी पट्ट्या, एसी. काढायच्या सामानाच्या यादीवर मी खुणा करत गेले, गॅरेजवाले चाचा एकेक उपसत गेले. मग तुरीच्या ट्रकमागे रांग लावून आम्ही मोंढ्यातल्या वजनकाट्यावर चढलो, तर गाडी तीस किलो जास्त भरली. भावाचा चेहरा उतरला. चाचांनी डिकी उघडली. आत माझ्या दुसऱ्या, शर्यतीला न्यायच्या यादीतलं सामान होतं: दोन जॅक, पाने, पाण्याचे कॅन, वर दशम्यांचा डबा. "ताई, आम्ही गाडी सोलून राहिलो अन् तुम्ही डिकीत संसार भरून राहिले," चाचा म्हणाले. सगळं खाली उतरवलं, आकडा मर्यादेत बसला आणि भाऊ काट्यावरच नाचायला लागला. काटेवाल्यानं पावतीवरचं 'तूर' खोडून 'मोटार' लिहिलं. परवा क्लासच्या त्या सोफ्यावर बसून मी स्वतःच ठासून भरलेली लेकीची बॅग उघडली आणि निम्मी रिकामी केली.