उन्हाळ्याचा बिनपगारी पराक्रम

आमच्या डिपार्टमेंटच्या कॉमन रूममध्ये दोन गोष्टी कायम साचलेल्या असायच्या. एक म्हणजे सिंकमधले न धुतलेले मग, आणि दुसरी म्हणजे प्रोफेसर हॅरिसच्या चिक्कूपणाचे किस्से. ते मग निदान कोणीतरी वैतागून विसळायचं. किस्से मात्र साचतच गेले!

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी मँचेस्टरला धातुशास्त्र शिकवत होतो आणि हॅरिस आमचा हेड. आम्हा लेक्चररांचा पगार वर्षाचा. उन्हाळ्यात विद्यार्थी घरी गेले की आम्ही रिसर्च करायचो, पण त्याचा वेगळा छदाम नाही. "इट्स ऑल इन्क्लूडेड!" हॅरिस सांगायचा, जणू हॉटेलातला ब्रेकफास्टच.

*

एकदा एक अमेरिकन प्रोफेसर पाहुणा आला. त्यांच्याकडे पगार नऊ महिन्यांचा, उन्हाळ्यातल्या संशोधनाचे पैसे ग्रँटमधून वेगळे. चहा पिता पिता त्याने सहज विचारलं, "तुम्हाला समरचं काय मिळतं?"

आमच्यातला एक लेक्चरर, ब्रायन, खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पाऊस!"

*

हॅरिसचा स्वतःचा उन्हाळा मात्र कोरडा जात नसे. ब्रिस्टलच्या एका विमान कंपनीला तो सल्ला द्यायचा आणि त्याची फी घ्यायचा. ती खर्च करायला फ्रान्सचा समुद्रकिनारा. विद्यापीठाला सांगायचा, "खाऱ्या हवेत धातू कसा गंजतो, ते पाहायला जातोय."

धातूचं काय झालं ते कधी कळलं नाही. हा मात्र दरवर्षी चांगला तांबूस होऊन यायचा!

*

लंडनजवळ पिनरला माझ्या बायकोची मावशी राहायची. मोठी फटकळ बाई. एकदा जेवताना मला म्हणाली, "अहो जावईबापू, कॉलेज बंद, तरी रोज जाता म्हणे?"

"हो. संशोधन असतं."

"त्याचे वेगळे पैसे?"

"नाही."

"मग त्याला संशोधन काय म्हणता? त्याला घरकाम म्हणतात! मी तीस वर्षं करतेय."

माझी बायको, मँचेस्टरच्या हॉस्पिटलात डॉक्टर, इतकी हसली की तिला ठसका लागला. मला काही फार हसू आलं नाही.

*

आमचा पगार निदान वर्षभराचा तरी होता. खरी गळचेपी झाली ती दिलीपची. दिलीप हॅरिसचा रिसर्च असिस्टंट. लहानपणीच आईवडिलांबरोबर लीड्सला आलेला, त्यामुळे मराठी अगदी मोडकं. त्याचं काँट्रॅक्ट नऊ महिन्यांचं, जूनअखेर पगार बंद, ऑक्टोबरात पुन्हा चालू. प्रयोग मात्र जुलै-ऑगस्टमध्येही चालूच ठेवायचे, नाहीतर हॅरिस ऑक्टोबरात घेणार नाही! त्या वर्षी त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते आणि नुकत्याच घेतलेल्या घराचा हप्ता डोक्यावर.

मी म्हटलं, "तू हॅरिसशी स्पष्ट बोल." तो गेला आणि हिरमुसून परत आला.

"काय म्हणाला?"

"काका, तो म्हणाला रिसर्च व्हेकेशन आहे. मी म्हटलं, मग मी घरी जातो. तर तो चिडला. म्हणाला, व्हेकेशन नाही, व्होकेशन, म्हणजे जीवनकार्य! आणि माझी पगार नाही दिली."

पगाराला त्याने स्त्रीलिंगी केलं होतं, पण त्या दिवशी मी सुधारलं नाही. हॅरिसच्या ग्रँटमध्ये पैसे होते, हे मला ठाऊक होतं. मला त्या माणसाची किळस आली.

*

शेवटी दिलीप बेकारभत्ता मागायला गेला. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "उद्या काम मिळालं तर करू शकाल?"

हा सरळमार्गी! म्हणाला, "उद्या जमणार नाही. मी नऊ ते सहा कामावर असतो."

"कुठे?"

"युनिव्हर्सिटीत."

"पगार किती?"

"काही नाही."

बाईंनी चष्मा काढला. "लव्ह," त्या तिकडच्या बायका कोणालाही म्हणतात तशा मायेने म्हणाल्या, "मग तिथे जाऊ नका." भत्ता काही दिला नाही, पण भल्या बाईंनी तिथल्या तिथे दोन-चार फोन करून त्याला उन्हाळ्यापुरती एक नोकरी मिळवून दिली.

*

ऑगस्टमध्ये ब्रिस्टलच्या त्या कंपनीचे साहेब आमची लॅब बघायला आले. पुढच्या ग्रँटचा प्रश्न, म्हणून हॅरिस नवा टाय लावून हजर. प्रयोग दिलीपने मांडलेला, समजावून सांगणंही त्यालाच शक्य. पाहुण्यांना खुर्च्या देऊन हॅरिस स्वतः टेबलाशी स्टुलावर बसला होता. मी दारात उभा होतो.

इतक्यात दिलीप आत आला. अंगात निळा कोट, एका हातात बादली, दुसऱ्या हातात मॉप. उन्हाळ्यातल्या कॉन्फरन्ससाठी विद्यापीठाने सफाईला जादा माणसं घेतली होती. त्याची नोकरी ती, आणि आमचा मजला त्याच्याच वाट्याला आलेला!

हॅरिसला बादली दिसलीच नाही. तो खुशीत म्हणाला, "आहा, दिलीप! जरा या मंडळींना आपलं संशोधन समजावून सांग."

दिलीपने मॉप पिळला.

"सॉरी, प्रोफेसर, आत्ता मी कामावर आहे. जरा पाय वर घेता का?"