काडी ओढण्याआधी

माझ्या आत्याने नाकावर कधी माशी बसू दिली नाही. ती एका लॉजवर स्वयंपाकीण; दूध नासायच्या बेतात असलं तरी तिला वासावरून कळायचं. पाहुणे यायचे ते तिच्या सकाळच्या पॅनकेकसाठी. अंडी, दूध, मैद्याचं पातळ पीठ, आणि ओव्हनमध्ये सणसणीत तापलेला बिडाचा तवा. तव्यातल्या लोण्याला खमंग वास सुटला की पीठ ओतायचं, दार लावायचं. पीठ काठ ओलांडून उशीसारखं टम्म फुगायचं. घड्याळाकडे आत्या ढुंकूनही पाहत नसे. म्हणायची, "नाक कशाला दिलंय देवाने?"

मोठ्या तापातून ती उठली आणि लोणी जळायला लागलं. "दूध बघ गं जरा," असं मला सांगू लागली. मी तिथेच टेबलांवर वाढायचं काम करते. मला वाटलं, वय झालं.

मग एका सकाळी मी दार ढकललं आणि गॅसचा भपकारा आला. ओव्हनची कळ जुनी, सैल; कपडा लागला तरी फिरायची. आत्या ओव्हनसमोर वाकलेली, हातात काडी. मी धावत जाऊन तिच्या हातावर फटका मारला. काडेपेटी उडाली.

"वेड लागलंय का तुला?"

"आत्या, गॅस! एवढा वास येतोय!"

मी कळ बंद करून खिडक्या उघडेपर्यंत ती जमिनीवर बसली होती.

"मला कसलाच वास येत नाही गं. तापात गेला तो गेलाच. मालकीणबाईंना सांगू नकोस. नाक नसलेली स्वयंपाकीण कोण ठेवून घेईल? हे काम गेलं तर मी करू काय?"

मी नाही सांगितलं. कळ बदलायचं मालकीणबाई नुसत्या म्हणत राहिल्या. तेव्हापासून रोज सकाळी मी आधी आत जायचे, ओव्हनपाशी वाकून हुंगायचे. मागून आत्या विचारायची, "ओढू काडी?" मी "ओढ" म्हणायचे, आणि काडी पेटून निळी ज्योत दिसेपर्यंत तिथून नजर हलवत नसे. पॅनकेक फुगायचा, पाहुणे खूश व्हायचे. मी मात्र तो खायचं सोडलं.

काल मला सर्दी झाली.

मी वाकले. हुंगलं. पुन्हा हुंगलं. काहीच नाही. गॅसचा वास नाही, लोण्याचाही नाही.

"ओढू?" आत्याने विचारलं.

हो म्हणवेना, नाही म्हणवेना. मी नाक ओढलं. तो आवाज तिने ऐकला. काडी पेटीत परत घातली, माझं मनगट धरलं आणि ओढतच बाहेर आणलं.

मालकीणबाई बाहेर चहा घेत होत्या. आत्या सरळ त्यांच्यापुढे उभी राहिली.

"बाई, माझं नाक केव्हाच गेलंय. आजवर ही माझ्यासाठी वास घेत होती. आज हिचंही बंद आहे. माझं काय व्हायचं ते होईल, पण भावाच्या पोरीला घेऊन मी आत काडी ओढणार नाही."

कप ठेवून बाई स्वयंपाकघराकडे गेल्या, दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबल्या. त्यांनी पदर नाकाला लावला.

"मागे व्हा," त्या म्हणाल्या. "कुणीही काही पेटवू नका."