हवा पाहून पेटवलेला पाला

आता माझ्या वकिलीची गोष्ट ऐका. पण चहाचा कप आधी खाली ठेवा बाप्पा, अंगावर सांडेल! मला अक्षर येत नाही. मी बोलून राहिली अन् नात मयुरी लिहून राहिली. जिथं ती फिदीफिदी हसली, तिथं ओळ वाकडी झाली असेल.

तर ही मयुरी भोपाळला वकिली शिकते. म्हणे, "आजी, एका देशाचा धूर दुसऱ्या देशात गेला तर कायदा काय म्हणते, ते शिकतो मी."

"धुऱ्याची वकिली? मंग आपल्या सौसरात शेताच्या धुऱ्या-बांधावरून भांडणं कमी हायेत का वं?"

"धुऱ्याची नाही आजी, धुराची!"

उन्हाळ्यात ती घरी आली. एका सकाळी मी अंगणातला संत्र्याचा ओला पाला पेटवला. धूर काय उठला म्हणता! सगळा शेजारच्या कमलच्या स्लॅबवर. तिथं तिच्या कुरड्या वाळत होत्या.

"काकू, काळ्या केल्या ना माह्या कुरड्या! केस टाकतो तुमच्यावर!"

"माह्यावर कायले? हवेवर टाक!"

दुपारी पाहते तर काय! मयुरी काळा कोट घालून कॉम्प्युटरसमोर. पडद्यावर एक चष्मेवाले साहेब, अन् बाजूच्या चौकोनात काळ्या कोटातला एक वकील पोट्टा. मी दाराआडून कान लावला.

"धुएँ से पड़ोसी का नुकसान हुआ, यह आप मानती हैं?"

"जी, मानते हैं।"

मी दाराला आणखीच चिकटली. सकाळी भांडण अन् दुपारी केस उभी? आमच्या धुऱ्याची केस तर माझ्या सासऱ्यापासून चालून राहिली!

"धुआँ उधर जाएगा, यह आपके पक्ष को मालूम था?"

"बिल्कुल नहीं, महोदय। हवा अचानक बदली।"

आता काय करू? माझ्यापायी पोरगी कोर्टात खोटं बोलून राहिली! पकडली गेली तर वकील व्हायच्या आधीच वकिली बुडाली ना! मी पदर खोचला अन् घुसली.

"मालूम था साब! लड़की को कुछ मत बोलो. हवा देखकरच पेटाया मैंने!"

"आजी!" मयुरी किंचाळली.

"गप वं! साब, उस कमल ने जामसांवली के भंडारे में मेरी कढ़ी को पानी बोला. चार बायांके सामने!"

साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. तो वकील पोट्टा तर हसता हसता टेबलाखालीच गेला.

"आजी, कोर्ट खोटं हाये, परीक्षा खरी हाये! दोन देशांचं भांडण हाये हे, तुहं अन् कमलकाकूचं नाही!"

साहेब म्हणाले, "वकील साहिबा, आपके देश ने तो कबूल कर लिया।"

पोरगी पास झाली, पण केस हरली. हसून गळ्यात पडली अन् वर मलाच कायदा शिकवला, "ज्यानं धूर केला, त्यानं नुकसान भरून द्यायचं, आजी."

मग काय! गहू भिजवले, चीक शिजवला, कमलच्या वाट्याच्या कुरड्या घातल्या. सोबत माझ्याही घातल्या. वाळल्यावर तिच्या देऊन टाकल्या, माझ्या मात्र आमच्या स्लॅबवरच पडून होत्या.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरून डोकावते, तर कमल पाल्याच्या ढिगाजवळ उभी. एका हातात आगपेटी, दुसऱ्या हातात पदराचं टोक वर धरलेलं.

बाई हवा पाहून राहिली होती!