बाभळीचा कोळसा आणि आत्याबाईंचे गोळे

मी नुकती बीएस्सी झाले होते, त्यामुळे माझ्याशी बोलणं अवघड झालं होतं. सत्तरच्या दशकाचा शेवट. हिंगणघाटात सायकलच्या सामानाला क्रोमचा मुलामा देणाऱ्या एका कारखान्यात मी टेंपररी लागले. तिथलं विषारी पिवळं पाणी बाभळीच्या कोळशाच्या भुकटीतून सोडलं, की क्रोम भुकटीला चिकटायचं आणि पाणी साफ निघायचं. मग भुकटी तेजाबानं धुवायची, वाळवायची, पुन्हा वापरायची. तीनदा जमलं होतं. मालक म्हणाले, "चौथ्यांदा माझ्यासमोर जमवा. जमलं तर पर्मनंट."

कारखान्यात ऊन येत नसे. म्हणून मी धुतलेली भुकटी घरच्या गच्चीवर, जुन्या धोतरावर, कुरडयांसारखी पसरली. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, वर आल्या.

"काय आहे व हे?"

"सायन्स आहे, आत्याबाई. तुम्हाले नाई समजणार."

हात लावू नका, विषारी आहे, एवढे पाच शब्द माझ्या डिग्रीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून येऊन पाहते तर भुकटी गायब! शेण कालवून शेगडीचे गोळे वळलेले, रांगेत वाळत.

"चुरा वाया जाऊन राह्यला होता," आत्याबाई म्हणाल्या.

आधी त्यांचे हात साबणानं धुवायला लावायचे की नाही? मी आधी रडायला बसले, तेही नोकरीसाठी. हात त्यांनी आपले आपण धुतले.

सकाळीच चौथी चाचणी होती आणि दुसरी भुकटी नव्हती, म्हणून तेच गोळे पोत्यात भरून नेले आणि मालकांसमोर पिवळ्या पाण्याच्या ड्रममध्ये सोडले. गोळे विरघळले.

"पिवळं कुठं गेलं?" मालकांनी विचारलं.

"गेलं, साहेब."

"दिसतच नाई ना काही, शेणाच्या मागं!"

कारखान्याच्या केमिस्टनं फडक्यातून पाणी गाळून तपासलं, पुन्हा तपासलं. क्रोम खरंच उतरलं होतं. मी लगेच घसा साफ केला, "ही एक सुधारित पद्धत..."

मालकांनी पोत्यात उरलेला गोळा उचलला. त्यावर चार बोटं उमटलेली, माझ्या दुप्पट जाडीची. "ही पद्धत कोणाच्या हातची आहे?"

आत्याबाईंना बोलावणं गेलं. नऊवारी सावरत त्या आल्या, ड्रममध्ये वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "ते पिवळं गेलं म्हणता. आता हे शेण कोण काढन?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

अशी मी पर्मनंट झाले.