मटकीला मोड यायच्या आत अमेरिका

बायांनो, मला घड्याळापेक्षा मटकी जास्त कळते. काल दुपारी नात मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानात बसली, तेव्हा मी इकडं सायखेड्यात मटकी भिजत घातली. रात्री फडक्यात बांधली.

आज सकाळी फडकं सोडलं. मोड नुसते डोकावत होते, तोच तिचा फोन. "आजी, पोचले."

"खोटारडे, मुंबईतच बसलीस ना?"

तिनं विमानतळ दाखवला. म्हणाली, साडेतेरा हजार किलोमीटर, सोळा तास. मी ओट्यावर येऊन आभाळाकडं बघतच राहिले. एवढं लोखंड, एवढी माणसं, आणि मधे कुठं टेकणं नाय.

माझं माहेर चांदवड, इथून पन्नास किलोमीटरही नाय. बाप गेला तेव्हा निरोप दुसऱ्या दिवशी आला. मी पोचले तर राख थंड झालेली. म्हणूनच हिला जाऊ नको म्हणत होते.

आज म्हटलं, "शीक निवांत. मी गेले तर एक दिवस बर्फावर ठेवतील, तेवढ्यात येशील."

"आजी, सकाळी सकाळी काय बोलतेस!"

हिशोबाचंच बोलले.

बायांनो, तुमचं माहेर किती लांब ते नका सांगू. पोचायला किती वेळ लागला, ते सांगा.