आमच्या दुकानातली सी-ची फळी

'सी'पासून सुरू होणारा इंग्रजी शब्द सांगा म्हटलं की मला सगळ्यात आधी कापूर आठवतो. कापूर आठवला की आमच्या पालम गावातली शे-दीडशे माणसं आठवतात, ज्यांच्यासमोर मी आजही मान वर करून चालत नाही.

मागच्या आठवड्यात लेकीला शाळेनं घरचा अभ्यास दिला होता: 'सी'पासून दहा शब्द, अर्थासह. तिनं मोबाइल उघडायच्या आत मी बसल्या जागेवरून सुरू झालो. कॅम्फर म्हणजे कापूर, कार्डमम म्हणजे वेलदोडा, क्लोव्ह म्हणजे लवंग, सिनॅमन म्हणजे दालचिनी, कोकोनट, कॉटन, कँडल... लेक बघतच राहिली. म्हणाली, "बाबा, तुम्ही तर इंग्रजीत नापास झाला होतात ना?" (तिच्या आईनं ही माहिती कधी पुरवली कोण जाणे!) झालो होतो. आणि त्यामुळेच तर येतात.

दहावीला मी बाकी विषयांत तरलो आणि इंग्रजीत बुडालो. घरात कुणी रडलं नाही. उलट आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आमच्या किराणा दुकानातली दुसरी गादी काढून उन्हात टाकली आणि एका वाक्यात निकाल लावला. "आक्टोबरात पास झालास तर परभणीला कॉलेजात जा. न्हाई झालास तर ही गादी तुझीच हाय." मला परभणीला जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं. माझे दोन दोस्त तिथे खोली करून राहायचे आणि शनिवारी एसटीनं गावी येऊन अशा गप्पा मारायचे, की जणू हैदराबादेत हवेली घेतलीय.

पण पाठांतर काही होईना. संध्याकाळी डोक्यात शिरलेले शब्द सकाळी तोंड धुताना वाहून जायचे. तशात श्रावणात आत्याच्या घरच्या वास्तुशांतीसाठी आप्पा चार दिवस पेडगावला गेले, दुकान माझ्यावर सोपवून. गल्ल्यावर बसल्या बसल्या मला कल्पना सुचली. दुकानालाच पाठ्यपुस्तक केलं तर? (नापास मुलाला कल्पना सुचली की घरच्यांनी ताबडतोब त्याला जेवायला वाढावं.)

डिक्शनरी मांडीवर घेतली आणि आजोबांच्या काळापासूनची मांडणी एका दिवसात उलथून टाकली. एका अक्षराचा माल एका फळीवर! 'टी'च्या फळीवर चहा, तंबाखू आणि हळद. 'पी'वर सगळ्या डाळी, मिरे आणि फिनेल. 'एस'च्या खाली साखरेचं उघडं पोतं, मीठ, आणि धुण्याच्या साबणाच्या पिवळ्या वड्या. साबुदाण्याला इंग्रजीत सॅगो म्हणतात हे कळल्यावर त्यालाही वाजतगाजत तिथेच नेलं. 'सी'वर कापूर आणि वेलदोडे, दोन्ही उघड्या ताटांत, मांडीला मांडी लावून. मी दिवसभर फळ्यांपुढे उभा राहून घोकत होतो आणि शब्द चक्क डोक्यात बसायला लागले. आई दोनदा दारात येऊन म्हणाली की आप्पांना विचारल्याशिवाय हे करायला नको होतं. मी तिला मदर या शब्दाचा अर्थ सांगितला.

तीन दिवस झड लागली होती. दारं बंद, हवा कोंदट, आणि मला नेमकी सर्दी. समोरचे शिंपीकाका सांगून गेले की कालच्या चहानं डोकं जरा गरगरतं, पण काम झपाट्यानं होतं, तोच चहा अजून पावशेर दे. मी ती तक्रार आहे असं धरलंच नाही.

आता आमच्या गावच्या मठात श्रावणी सोमवारी महाप्रसाद असतो आणि शिऱ्याचं सामान आजोबांपासून आमच्याच दुकानातून जातं. हा आप्पांचा मान. यादी ते जातानाच लिहून गेले होते. रविवारी मी साखर आणि वेलदोडे तोलले आणि मोठ्या ऐटीत मठात पोचवले. आचाऱ्याच्या तोंडात कायम तंबाखूचा तोबरा, त्याच्या नाकाकडून काही आशा नव्हती.

सोमवारी आप्पा एसटीतून उतरून थेट मठात आले आणि पंगतीत बसले. मी वाढपी. 'हर हर महादेव' झालं, लोकांनी पहिला घास घेतला आणि सगळे एकमेकांच्या पानात बघायला लागले. एक म्हातारे आजोबा हात जोडून मठाच्या महाराजांना म्हणाले, "महाराज, शिऱ्याला आरतीचा वास यायलाय." पलीकडच्या आजी म्हणाल्या की वासाचं जाऊ द्या, घास आपोआपच घसरायलाय. महाराजांनी पानातलं सगळं संपवलं आणि सलग दोन तांबे पाणी प्यायले. प्रसाद टाकायचा नसतो, म्हणून सगळ्या पंगतीनं तो शिरा डोळे मिटून गिळला. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

आप्पांनी एकच घास घेतला. चाळीस वर्षं किराण्यात गेलेलं नाक ते! उठून उभे राहिले, पंगतीला हात जोडले आणि म्हणाले, "चूक माझ्या दुकानाची हाय. माफी असावी." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी चारचौघांत कानफटात दिली असती तर बरं वाटलं असतं.

दुकानात आल्यावर ते एकेक फळी धुंडाळत फिरले. आपल्याच दुकानात त्यांना मीठ सापडेना. कामून केलंस, एवढंच विचारलं. मी सांगितलं. परभणी आता गेलीच असं धरून सगळं खरं सांगितलं. मग ते गादीवर बसले आणि काठीनं एकेक डबा दाखवायला लागले. "ह्याला काय म्हणतेत?" मी सांगायचो. "आन ह्याला?" मी सांगायचो. सगळ्या फळ्या झाल्या, एकदाही अडखळलो नाही. आप्पा चौथी शिकलेले. शेवटी काठी खाली ठेवून म्हणाले, "डोकं हाय की रं तुला. आता आधी साखर साबणापासून हालव." तेवढं एक वाक्य मी आजतागायत जपून ठेवलंय.

ऑक्टोबरात निबंधाला विषय आला, बाजार. माझ्या निबंधात क्रियापदं कमी आणि किराणा जास्त होता, पण पेपर तपासणाऱ्याला बहुधा भूक लागलेली असावी. छत्तीस गुण पडले. आप्पांनी स्वतः गावभर फिरून पेढे वाटले. गावानं प्रत्येक पेढा आधी नाकाला लावला आणि मग हातातच धरून ठेवला. तेव्हा आप्पा दर घरी माझ्या खांद्यावर हात ठेवून तेच सांगत होते:

"बिनघोर खा. पेढे पालमचे न्हाईत, परभणीहून आणलेत."